शाळेत एअर रायफल सुरू करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षक आहे. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं, तेव्हापासून आमची पोरं नेमबाजीच्या मागे लागली आहेत. संस्थाचालक १० मीटर एअर रायफलला तयार आहेत. (पैशाचा विषय निघाला की गप्प होतात, ते वेगळं!)

खरी अडचण पालकांची. सभेत एक आजोबा उठून म्हणाले, "सर, पोरेस्ना हातमा बंदूक कसाले?" प्रश्न रास्तच आहे. यात बारूद नसते, दाबलेल्या हवेवर ४.५ मिमीचा छर्रा उडतो, हे सांगितलं. पण छऱ्यानेही डोळा जाऊ शकतो, तेही लपवलं नाही. म्हणून पहिला महिना छर्रा न भरता फक्त शिस्त शिकवायची असं ठरवतोय: नळी कायम लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, "थांबा" म्हटलं की सगळे थांबले. छर्रे शिशाचे, त्यामुळे सरावानंतर हात धुणं सक्तीचं.

जागा म्हणून पत्र्याचं जुनं गोदाम आहे. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, तिथे दुपारी उभंही राहवत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कुणी शाळेत रेंज चालवतं का? छर्रे अडवायला लक्ष्यामागे काय लावलंत? रायफली रात्री कुठे ठेवता, किल्ली कुणाकडे असते? आणि पालकांकडून संमतिपत्र घेता का? नमुना असेल तर कृपया इथेच टाका.