आजोबांच्या डब्यातल्या गोट्या: जर्मन की इथल्याच?

खणभागकर:
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या जुन्या घराचा माळा उपसताना पितळी डब्यात आजोबांच्या काचेच्या गोट्या सापडल्या. २०१९च्या पुरात खालचं सगळं गेलं, माळ्यावर होत्या म्हणून ह्या वाचल्या. आत्या म्हणते, "अरे, तुझ्या आज्यानं ओगलेवाडीवरनं आणल्यात त्या." चुलतभाऊ नेटवर बघून सांगतोय, जर्मन आहेत, लाखात जातील. त्यानं अर्ध्या मागितल्यासुद्धा!

बऱ्याचशा हिरवट, आरपार दिसणाऱ्या. काहींच्या आत पिवळ्या-निळ्या पाकळ्या. एक मात्र मोठी, ढप म्हणून वापरत असणार. आत पांढऱ्या धाग्यांची जाळी, वरून लाल-निळे पट्टे. कशावरून ओळखायचं?

कराडचा शेजारी:
ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६चा. नाव झालं ते प्रभाकर कंदिलामुळं. पण गोटीवर काही कारखान्याचा छाप नसतो, त्यामुळं आत्यांच्या बोलण्यावर लिहून ठेवा, विकायला जाऊ नका. आणि भावाला अर्ध्या देताना पाकळ्यावाल्या द्या 😄

काचवेडा:
रंगावर जाऊ नका, टोकं बघा. घड्याळजीचं भिंग मिळालं तर उत्तम.

त्या हिरवट बहुतेक गोटीसोड्याच्या बाटल्यांतल्या. हायरम कॉड या इंग्रजानं १८७०च्या दशकात ही बाटली काढली. आतल्या वायूच्या दाबानं गोटी वर रबराच्या कडीला घट्ट बसते. बाटलीचा गळा गोटीपेक्षा अरुंद, म्हणजे बाटली फोडल्याशिवाय गोटी हाती येत नाही. आपल्याकडं गोटीसोडा आजही मिळतो, तेव्हा नुसत्या तेवढ्यावरून वय ठरत नाही.

पाकळ्यावाल्या म्हणजे 'कॅट्स आय'. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननं या प्रकारानं बाजार भरून टाकला, पुढं सगळीकडं निघायला लागल्या. म्हणजे आजोबांच्या लहानपणच्या नसाव्यात, तुमच्या वडिलांनी नाहीतर काकांनी भर घातली असेल.

खरी गंमत त्या मोठीत. जर्मनीतल्या लाउशा गावात १८४०च्या दशकात गोट्या कापायची खास कात्री निघाली. रंगीत काचेची कांडी तापवायची, सुताला पीळ द्यावा तशी पिळायची आणि कात्रीच्या वाटीत गोल फिरवत तोडायची. तोडलेल्या जागी खरबरीत व्रण राहतो, कांडीच्या सुरुवातीची नसेल तर दोन्ही टोकांना. आतला पीळ एका व्रणापासून दुसऱ्यापर्यंत जातो. यंत्रावरच्या गोटीला हे नसतं, १९०५च्या सुमाराला अमेरिकेत ॲक्रनला यंत्रं आली आणि पहिल्या महायुद्धात जर्मन माल अडला, तिथून हातगोटी मागं पडत गेली.

एक विनंती: पॉलिश करून आणू नका. दुकानदार "चकाचक करून देतो" म्हणेल, पण व्रण गेला की पुरावाच गेला. कोमट पाणी, थोडा साबण, बस. उकळत्या पाण्यात तर अजिबात नको, जुनी काच तडकते.

खणभागकर:
धन्यवाद दादा! मोठी आत्ताच भिंगाखाली धरली. एका टोकाला नख अडकतंय, तिथं काच दुमडल्यासारखी दिसते. दुसऱ्या टोकाला बारीक खड्डा, घासून थोडा गुळगुळीत केलेला. जाळी दोन्ही ठिकाणी गोळा होते. अंगावर मात्र टिचक्या खाऊन अर्धगोल चरे पडलेत. हिरवटांना टोक म्हणून काहीच नाही.

काचवेडा:
मग ती हाताचीच, शंका नको. घासलेलं टोकही तेव्हाच्या कारागिराचंच असतं, नंतरचं समजू नका. चऱ्यांमुळं किंमत उतरते, लाखाचं भावाला विसरायला सांगा. व्हर्निअरनं व्यास मोजा आणि खिडकीच्या उजेडात टोकाचा फोटो टाका, फ्लॅश नको, व्रण दिसत नाही त्यात.

कराडचा शेजारी:
आत्यांना विचारा की आजोबा मुंबईला कधी होते का. आपल्याकडं विलायती माल तिथल्याच बंदरातनं यायचा.

खणभागकर:
होते की! लग्नाआधी गिरणीत. आत्याला आज संध्याकाळी गाठतो.