एकटा हुशार असून भागत नाही

ग्रुपमधे बसवून करायच्या मानसशास्त्राच्या प्रयोगात भाग घ्यावा का, तर "पैसे देतात म्हणजे काहीतरी गोम असणार" असं कुणीतरी म्हटलंय. गोम कसली, तुमचा वेळ जातो त्याचे पैसे, आणि मधेच उठून जायची मुभा संमतीपत्रातच लिहिलेली असते, फक्त सही करायच्या आधी ते वाचा. असल्याच एका प्रयोगावर एमआयटी, कार्नेगी मेलन या अमेरिकन विद्यापीठवाल्यांचा २०१० चा रिसर्च पेपर आहे, ६९९ लोकांना २ ते ५ च्या ग्रुपमधे बसवून कोडी, चेकर्स (पटावरचा सोंगट्यांचा खेळ) असलं काय काय करून घेतलं. एका टेस्टमधे तर फोटोत नुसते डोळे, त्यावरून माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं! ज्या ग्रुपमधल्यांना हे जमत होतं आणि जिथे सगळे आळीपाळीने बोलले ते ग्रुप भारी ठरले, एखादा अतिहुशार असून फार फरक पडला नाही (आमच्या सोसायटीच्या मीटिंगला सांगा रे कुणीतरी). त्यामुळे आयक्यूची धास्ती असेल तर सोडा, बिनधास्त नाव द्या.