अमेरिकेने बंद केलं, मग आपण का नाही? (आरक्षण: परदेशातलं आणि आपलं)

तापीकाठ (भुसावळ)

ॲडमिशनचा सीझन आला की आमच्या बॅचच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, 'अमेरिकेने आरक्षण बंद केलं, भारताला कधी अक्कल येणार'. काल परत आला, मग जे व्हायचं ते झालं, दोन जण ग्रुप सोडून गेले. तिथे डोकं लावण्यात अर्थ नव्हता म्हणून इथे धागा काढतोय.

आधी एक सांगतो, तो मेसेजच अर्धवट आहे. अमेरिकेत आपल्यासारखा कोटा १९७८ मधेच उडाला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यावर केस झाली आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं जागा राखायच्या नाहीत, फक्त ॲडमिशन देताना वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक म्हणून बघितला तर चालेल. २०२३ च्या जूनमधे हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या केसमधे तेही गेलं. म्हणजे जे बंद झालं ते आपल्याकडे कधी नव्हतंच. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना तिथल्या बऱ्याच बड्या खाजगी विद्यापीठांत झुकतं माप मिळतं ते मात्र चालूच राहिलं, त्यावर कोणी मेसेज फिरवत नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. उत्तर आयर्लंड बघा. तिथे पोलिसात कॅथलिक लोक जेमतेम ८ टक्के होते. २००१ पासून भरतीत निम्मे कॅथलिक आणि निम्मे बाकीचे असा नियम केला, २०११ पर्यंत आकडा ३० च्या आसपास गेला आणि नियम बंद केला. कधी संपवायचं हे ठरलेलं असलं की भांडण कमी होतं. आपल्याकडे शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणाला अशी फूटपट्टीच नाही. ती पाहिजे का नको, एवढंच बोलायचं आहे. शिव्या नकोत.

पांझराकाठ (धुळे)

फूटपट्टी कशाला, सरळ उत्पन्न बघा ना भाऊ. ज्याचा बाप तहसीलदार त्याच्या पोराला सवलत आणि ज्याच्या बापाची कोरडवाहू दीड एकर आहे पण जात खुली त्याने काय करायचं. ईडब्ल्यूएस (खुल्या जातींतल्या गरिबांचं आरक्षण) २०१९ ला आलं, तोवर आमच्यासारख्यांची एक पिढी गेली. ब्राझीलमधे बघा गरिबी बघतात, जात नाही.

सातपुडा_पायथा (धडगाव, सध्या पुणे)

पांझराकाठ दादा, ब्राझीलबद्दल निम्मंच वाचलंय तुम्ही. तिथला २०१२ चा कायदा असा आहे की केंद्र सरकारच्या विद्यापीठांतल्या ५० टक्के जागा सरकारी शाळेत शिकलेल्या पोरांना. त्यातल्या अर्ध्या कमी उत्पन्नाच्या घरातल्यांना. आणि या सगळ्याच्या आत पुन्हा काळे, मिश्र वर्णाचे आणि मूळ निवासी यांचा वाटा, त्या त्या राज्यात त्यांची लोकसंख्या जेवढी तेवढा. म्हणजे गरिबी आणि वंश दोन्ही एकावर एक. आपलं ईडब्ल्यूएस बरोबर उलटं, गरीब असलात तरी एससी, एसटी, ओबीसी असाल तर त्यात बसत नाही. ब्राझीलचं पाहिजे असेल तर पूर्ण घ्या, सरकारी शाळेची अट पण घ्या, मग धुळ्यातल्या इंग्लिश मीडियमवाल्यांचे चेहरे बघू.

तापीकाठ भाऊ, तुमचं आयर्लंड चांगलं आहे पण तिथे मोजायला एकच गोष्ट होती, पोलिसात कॅथलिक किती. आपण काय मोजणार? शिपाई मोजणार का सचिव? राज्यात एसटीला ७ टक्के आहे, आमच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत आदिवासी ६९ टक्के. फूटपट्टी जिल्ह्याची धरायची का मंत्रालयाची? आणि १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे धड बाहेर आलेले नाहीत, येत्या जनगणनेत जात मोजणार आहेत तेवढं तरी होऊ द्या. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड पडली की आमच्याकडचं पोरगं दाखल्यासाठी तळोद्याला पण पोचत नाही आणि तुम्ही संपवायच्या तारखा काढताय.

अमळनेर_ते_केएल

तारखेवरून बोलतो. मी क्वालालंपूरला आयटीत आहे, इथलं रोज डोळ्यासमोर आहे. १३ मे १९६९ ला इथे मलय-चिनी दंगल झाली, त्यानंतर १९७१ ला नवीन आर्थिक धोरण आलं. २० वर्षांची मुदत, १९९० पर्यंत कंपन्यांच्या भांडवलात भूमिपुत्रांचा (म्हणजे मलय आणि तिथले मूळ निवासी) वाटा ३० टक्के करायचा. आकडा होता, तारीख होती, तापीकाठला पाहिजे ते सगळं होतं. १९९० आलं आणि गेलं, धोरणाचं नाव बदललं आणि सवलती चालूच. ३० टक्के झाले का नाही यावरच अजून वाद, कारण मोजायचं कसं यावर एकमत नाही. विद्यापीठाच्या आधीचा जो सरकारी मॅट्रिक्युलेशन कोर्स असतो त्यात ९० टक्के जागा भूमिपुत्रांना, घर घेताना पण त्यांना सूट. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा चिनी वंशाचा माणूस पोरीच्या खाजगी कॉलेजच्या फीसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवतोय, मी विचारलं चिडत नाही का, तर म्हणे चिडून काय होतंय. मधे सरकारने जाहीर केलं की दहा विषयांत 'ए' असेल त्याला वंश न बघता जागा देऊ, तेवढी खिडकी उघडली.

आणि इथे सवलत घेणारे बहुसंख्य आहेत, सरकार त्यांच्याच मतांवर बनतं. आता सांगा बंद कोण करणार?

पांझराकाठ (धुळे)

हेच तर म्हणतोय भो! मतांसाठीच चाललंय सगळं. आपल्याकडे पण दहा वर्षांसाठीच होतं, वाढवत वाढवत इथपर्यंत आलं.

सातपुडा_पायथा

दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना होती दादा, कलम ३३४. ती दर वेळी वाढवत आता २०३० पर्यंत आणलीय. शिक्षण आणि नोकरीला अशी मुदत घटनेत नाहीच. हे किती वेळा सांगायचं.

मलेशियाचं उदाहरण आम्हाला लावू नका. तिथे बहुसंख्य लोकांनी स्वतःला सवलत घेतली. आम्ही राज्यात दहा टक्के पण नाही, एकट्या नंदुरबारच्या मतांवर कोणाचं सरकार बनत नाही.

चोपडेकरीण

सगळे तारीख आणि टक्क्यात अडकले. मला वेगळंच बोलायचंय, कोणाला मिळणार हे ठरवतं कोण?

ब्राझीलमधे आधी तुम्ही स्वतः सांगितलं मी काळा की काळा धरायचे. मग २००७ ला ब्रासिलिया विद्यापीठात गंमत झाली, दोन जुळे भाऊ, दिसायला एकसारखे, फोटो बघून एकाला कोट्यात घेतलं आणि दुसऱ्याला नाही. बोंबाबोंब झाली. आता तिथे बऱ्याच ठिकाणी समिती बसते, समोर उभं करून रंग, केस, नाक बघते. आजा-पणजा कोण होता ते विचारत नाही, लोक तुला बघून काय समजतात तेवढंच.

आपलं बरोबर उलट. आपली जात पडताळणी समिती चेहरा नाही, कागद बघते. एसटीला १९५० च्या आधीचा पुरावा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा. गाव नमुना १४, आजोबांच्या शाळेचा उतारा, तो पण कुरतडलेला, त्यातलं एक अक्षर लागत नाही म्हणून फाईल मागे. आमच्या घरी समितीच्या दक्षता पथकाचे (चौकशी करणारे) साहेब आलेले तेव्हा सासूबाईंना विचारलं कुलदैवत कोणतं, लग्नात काय काय करता, मेल्यावर काय करता. सासूबाईंना वाटलं सोयरीक बघायला आलेत, चहा ठेवला. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या चालीरीतींच्या प्रश्नांवरच सगळा निकाल लावायचा नाही, जुने कागद चांगले असतील तर तेच धरा. तोवर किती जणांचं वय निघून गेलं. चोपडा, यावल भागात ज्यांच्या घरात पोरगं शिकलंय त्यांना व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला) म्हणजे काय ते विचारा.

तापीकाठ

ताई, पण कागद बघितले नाहीत तर बोगस घुसतात ना? बोगस दाखल्यावरची नोकरी टिकणार नाही या सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर हजारो लोकांना अधिसंख्य (मंजूर जागांच्या बाहेरच्या तात्पुरत्या) पदावर टाकायची वेळ आली राज्यात. त्या जागा खऱ्या आदिवासींच्या होत्या. याचा राग सातपुडाला जास्त यायला पाहिजे.

सातपुडा_पायथा

येतोच. या एका मुद्द्यावर मी तापीकाठच्या बाजूने आणि ताईंच्या विरोधात. समिती कडक पाहिजे, पण सहा महिन्यांत निकाल देणारी पाहिजे. आमच्या पावरा-भिलांच्या पोरांना खरं असून फिरवतात आणि वशिलावाल्यांचं काम होतं, असं नको.

चोपडेकरीण

कडक म्हणजे गरिबाला कडक. असो.

पांझराकाठ

मग क्रीमी लेयर (सुस्थितीतल्यांना आरक्षणातून वगळायचा नियम) तरी एससी-एसटीला लावा! सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट २०२४ च्या निकालात सातपैकी चार न्यायमूर्तींनी तेच सुचवलं ना?

सातपुडा_पायथा

सुचवलं, मूळ निकाल उपवर्गीकरणाचा, म्हणजे राखीव गटाच्या आत वेगळे वाटे करण्याचा होता. आणि धडगावला येऊन क्रीम दाखवा मला. पण खरं सांगू का, माझा पोरगा पुण्यात वाढतोय, त्याला माझ्यासारखी आश्रमशाळा बघायची नाही, त्याच्याआधी तोरणमाळच्या पोराचा नंबर लागावा असं मला स्वतःला वाटतं. फक्त त्यासाठी आदिवासींच्या आत रांग लावा. पण माझ्या पोराला वगळून ती जागा रिकामी ठेवून, उमेदवार मिळाला नाही म्हणून दुसरीकडे वळवायची असेल तर माझा पोरगाच बसू द्या.

अमळनेर_ते_केएल

हे पटलं.

सातपुडा_पायथा

आणि सरकारी नोकऱ्या राहिल्यात किती? सगळं कंत्राटी. दक्षिण आफ्रिकेत नोकरीत काळ्यांना आणि इतर वंचितांना वाटा देणारा १९९८ चा कायदा खाजगी कंपन्यांना पण लागू आहे, कोणत्या पदावर कोणत्या वंशाचे किती ते रिपोर्ट करावं लागतं, २०२५ पासून तर सरकार धंद्याप्रमाणे टार्गेट ठरवून देतंय. जळगाव एमआयडीसीत चटई, पाईप, दालमिल, मॅनेजरच्या केबिनमधे किती भिल दिसतात सांगा. हमाली करताना दिसतात.

पांझराकाठ

तिथे काय झालं ते पण सांगा ना मग. काळ्यांच्या कंपनीला टेंडरमधे झुकतं माप, म्हणून काळ्या माळ्याला, घरकामवालीला कागदावर डायरेक्टर केलं आणि टेंडर घेतली, शेवटी अशा बनावट भागीदारीला गुन्हा ठरवायची वेळ आली.

चोपडेकरीण

त्यात काय नवल. आपल्याकडे बाई सरपंच आणि मीटिंगला सरपंचपती बसतो. म्हणून बायकांच्या जागा काढून टाकायच्या का? आमच्या गावात पहिल्या टर्मला नवरा बोलायचा, दुसऱ्या वेळची बाई ग्रामसेवकाला स्वतः फैलावर घेते.

तापीकाठ

खाजगीत मला पटत नाही, पण आफ्रिकेवाल्यांनी छोट्यांना सोडलंय ते बरं केलं. ५० च्या आत कामगार असतील तर टार्गेट नाही.

पांझराकाठ

झालं मग. आपल्या एमआयडीसीत प्रत्येकाचा हजेरीपट ४९ वर थांबेल बघा, बाकीचे ठेकेदाराच्या नावावर. आजही तेच चाललंय, कायदा यायच्या आधीच.