मदत हवी आहे: मायग्रेशन चालू असताना लाईन गेली, रेडमाइनचं प्लगइन अर्धवट अडकलं

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मशीन दुरुस्तीचं काम पाहतो. 24 डबल रोलर जिन आहेत. फिटरच्या तक्रारी दोन हंगामांपासून रेडमाइनवर, म्हणजे तक्रारींची तिकिटं ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढवतो (आवृत्ती 5.1, डेटाबेस मायएसक्यूएल 8). चामड्याचा रोलर झिजला की सरकीवरची रुई नीट ओढली जात नाही; मशीन फिरताना दिसतं, पण माल निघत नाही. कोणत्या मशीनचा रोलर शेवटी कधी बदलला हे तिकिटातच दिसावं म्हणून मी प्लगइन (रेडमाइनला जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहिलं. हुक (रेडमाइनच्या पानात आपला कोड जोडायची सोय) लावून तपशिलाखाली छोटा तक्ता दाखवायचा, एवढंच काम.

लॅपटॉपवर एसक्यूलाइट डेटाबेसवर सगळं बरोबर चाललं. काल रात्री ऑफिसच्या सर्व्हरवर फोल्डर टाकलं, प्लगइनचं मायग्रेशन (डेटाबेसात त्याची टेबलं बनवणं) चालवायची रेक कमांड दिली आणि तेवढ्यात लाईन गेली. इन्व्हर्टरची बॅटरी महिनाभरापासून उतरलेलीच आहे.

आता कमांड पुन्हा दिली की 'टेबल आधीच आहे' म्हणून थांबते. व्हर्जन शून्य देऊन मायग्रेशन मागे घ्यायला गेलो तर काहीच होत नाही. तिकीट उघडलं की 500 ची एरर यायची, म्हणून फोल्डर बाहेर काढून रेडमाइन रीस्टार्ट केलं, तिकिटं उघडताहेत. मायग्रेशनच्या एकाच फाइलमध्ये तीन कामं होती: नोंदींचं टेबल, त्यावर इंडेक्स (शोध लवकर व्हावा म्हणून) आणि तिकिटांच्या मूळ टेबलात मशीन नंबरचा कॉलम. टेबल दिसतंय, कॉलम नाही.

टेबल हाताने उडवलं तर जुन्या तिकिटांना धक्का लागेल का? हंगाम ऐन भरात आहे, दोन वर्षांच्या नोंदी गेल्या तर परत कुठून आणू?

प्रतिसाद

भाऊ, तिकिटं सुरक्षित आहेत. मायएसक्यूएल 8 मध्ये टेबल बनवायचा एकेक आदेश पूर्ण होतो किंवा होतच नाही, पण तीन आदेश मिळून एक व्यवहार (सगळे होतील किंवा एकही नाही असा गट) धरला जात नाही. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेसमध्ये धरला जातो, म्हणून लॅपटॉपवर हे कधी दिसलंच नसतं. मायग्रेशन पूर्ण झाल्याची नोंद शेवटी पडते. ती पडलीच नाही, म्हणून व्हर्जन शून्यला मागे घ्यायला काही सापडलं नाही.

आधी पूर्ण डेटाबेसचा डम्प (फाइलमधली प्रत) काढा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा, त्याच मशीनवर नको. मग फक्त तुमचं नवं टेबल रिकामं आहे याची खात्री करून तेवढंच ड्रॉप करा, म्हणजे काढून टाका. स्कीमा मायग्रेशनच्या टेबलात (पूर्ण झालेल्या मायग्रेशनची यादी) हाताने ओळ घालायच्या भानगडीत पडू नका.

एक मात्र कळकळीने सांगतो, तिकिटांच्या मूळ टेबलात कॉलम टाकू नका. उद्या रेडमाइन अपग्रेड करताना तोच आड येतो. मशीन नंबर कस्टम फील्डमध्ये (रेडमाइनमध्येच बनवता येणारा जादा रकाना) घ्या, आणि तुमच्या टेबलात तिकिटाचा आयडी ठेवा. टेबल आणि इंडेक्सची मायग्रेशन वेगवेगळ्या फाइलमध्ये करा, म्हणजे पुन्हा लाईन गेली तरी अडकलेला भाग लगेच कळेल.

धागाकर्ता

दादा, खूप आभार. डम्प घेतला, टेबलात शून्य ओळी होत्या, ड्रॉप केलं. मायग्रेशनमधून कॉलमचा भाग काढून टाकला, दोन फाइली केल्या. सकाळी लाईन आल्यावर कमांड दिली, दोन्ही पार पडल्या. 14 नंबरच्या मशीनचं तिकीट उघडलं, खाली तक्ता दिसतोय, अजून रिकामा. फिटरची तेलकट वही घेऊन बसलोय, जुन्या तारखा एकेक करून चढवतो.