गावकरी पार्टीवर विश्वास ठेवत नाही, पार्टी एकमेकांवर. शनिवारचं सेशन कसं वाचवू?

कूलरखाली_डीएम:
मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही सगळे मूळचे नागपूरचे, एक जण आता हिंजवडीत आणि एक बंगलोरला, म्हणून शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर भेटतो, नकाशा आणि फासे रोल-ट्वेंटी या साइटवर, नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत गोष्ट खेळायच्या गेमच्या फिफ्थ एडिशनचे. मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि गावकरी चालवणारा), चार प्लेअर, त्यांची चार कॅरेक्टर्स मिळून पार्टी. सेटिंग घरचंच बनवलं आहे: १८१७ चा नोव्हेंबर, भोसल्यांचा मुलूख, पेंढारी फिरून राहिले, सीताबर्डीची लढाई व्हायला थोडेच दिवस बाकी (२६-२७ तारीख, प्लेअर्सना माहीत आहे, कॅरेक्टर्सना नाही). जादू आहे पण कमी आणि लोक तिला घाबरतात.

तर पार्टी रामटेकच्या वाटेवरच्या एका गावी पोचली (माझ्या मनातलं गाव आहे, नकाशात शोधू नका), दिवेलागणीची वेळ, घोड्यावर, हत्यारबंद. वेस बंद. वरून जागल्या विचारतो कुठले तुम्ही, कोणाकडे आले. बार्डवाला (बार्ड म्हणजे गाणारं-बोलणारं, जादू येणारं कॅरेक्टर) बोलायला लागला, बोलतो मस्त तो, अर्धं सेशन तो आणि मी. आधी जागल्या, मग कोतवाल, मग पाटलाचा पोरगा, कोणी वेस उघडेना. शेवटी बार्डने पाटलाच्या पोरावर चार्म पर्सन (समोरच्याला आपण मित्र वाटायला लावणारी जादू) मारलं, त्याने आत घेतलं, तासाभरात असर उतरला आणि गावभर बोंबाबोंब. तेवढ्यात फायटरवाला (लढवय्या खेळणारा), जो इतका वेळ गप्प होता, म्हणतो मी कडब्याची गंजी पेटवतो. काहून? तर "काहीतरी होऊ दे ना यार".

मग माइकवरच जुंपली. बार्डवाला म्हणे तुले खेळता येत नाही तर येतो कशाला, फायटरवाला म्हणे माझं कॅरेक्टर असंच आहे, आणि कॉल कट. त्यानंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे सुरू झालं ते विचारूच नका. आता फायटरवाल्याने मला वेगळा मेसेज टाकला की पुढच्या वेळी रात्री बार्डची थैली चोरतो, सांगू नको त्याला.

दोन प्रश्न. या दोघांचं काय करू? आणि गावकरी संशयी ठेवायचे आहेत मला, तेच मजेचं आहे, पण गेम अडकू नये म्हणून काय करता तुम्ही लोक?

नॅट_ट्वेंटी_धरमपेठ:
पहिलं पहिले. दोघांना फोन कर, वेगवेगळा. मेसेज नाही, फोन. आणि ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथे बाकीचे पाहून राहिले असतात म्हणून कोणालाच माघार घेता येत नाही. फोनवर "तू असं का केलं" विचारू नको, "तुला शनिवारी काय करायला आवडतं" एवढंच विचार आणि मग गप्प बस. मारामारी, गप्पा, कोडी, नुसतं मित्रांसोबत बसणं, काहीही निघेल.

थैलीचोरीला सरळ नाही म्हण. हा प्लेअर्सचा राग आहे, कॅरेक्टरच्या हातून काढायचा आहे. आमच्याकडे नियम असा की एका प्लेअरने दुसऱ्याच्या कॅरेक्टरवर काही केलं, चोरी, हल्ला, फसवणूक, तर फासे पडतच नाहीत, ज्याच्यावर होतंय तो प्लेअर ठरवतो काय झालं ते. तो म्हणाला "हो, चोरली त्याने, सकाळी कळलं मला" तर मस्त सीन होतो. तो म्हणाला नाही, तर नाही. आणि डीएमने एकाचं गुपित दुसऱ्यापासून लपवायचं कबूल केलं की उद्या तो तुझ्यावरही डोळा ठेवेल.

"माझं कॅरेक्टर असंच आहे" याला एकच उत्तर: कॅरेक्टर तूच बनवलं ना बे, मग असं बनव की जे चार जणांसोबत चालेल.

वऱ्हाडी_रोग:
भाऊ मले एक सांग. बार्डनं काय म्हटलं असतं तर जागल्यानं वेस उघडली असती? एक गोष्ट सांग फक्त. मले वाटते तुह्याकडे उत्तर नाही. आन जर उत्तर नाही, तर त्या दोघायचं भांडण तथीच सुरू झालं, गंजीपाशी नाही. एक पोट्टा बोलून राहिला, बोलून राहिला, काहीच होऊन नाही राहिलं, दुसरा ऐकून राहिला. तो कंटाळीन नाही तं काय करीन?

कूलरखाली_डीएम:
@वऱ्हाडी_रोग उत्तर आहे ना. पेंढारी. गाव घाबरलेलं आहे, मागच्या वर्षी बाजूचं गाव लुटलं गेलं. पार्टी संध्याकाळी घोड्यावर हत्यारं घेऊन आली, सोबत तंबू नाही, सामान नाही, म्हणजे पेंढारी दिसतात तसेच दिसतात. म्हणून वेस उघडत नाही. पण हे सगळं आधीच सांगून टाकलं तर शोधायला काय उरेल?

वऱ्हाडी_रोग:
हे तं कारण झालं. मी चाबी विचारली.

आन कारण लपवून काय भेटलं? पेंढाऱ्यायचं तं गावात सर्वायलेच माहीत राहते. पैसा कुठं पुरला ते कबूल कराले गरम राखेचा तोबरा तोंडाले बांधत ते लोकं, हे ज्या जागल्यानं ऐकलं आहे तो तं वरूनच ओरडन ना बे, "तोबरेवाले आले काय रे!" एका वाक्यात प्लेअरले समजलं की भेव कायचं आहे. रहस्य ठेवाचं तं दुसरं ठेव. गावातून पेंढाऱ्यायले खबर कोन देते, ते ठेव. भेव उघडं पायजे, गुपित झाकलेलं पायजे. तू उलटं केलं.

चाबी म्हंजे: हत्यारं वेशीबाहेर ठेवा, एक माणूस ओलीस द्या, रात्र गढीच्या बाहेर काढा, नाही तं रामटेकच्या कोन्या ओळखीच्या माणसाचं नाव सांगा. यातलं काहीबी एक केलं की वेस उघडते. चाबीले किंमत पायजे पण चाबी दिसली पायजे. मंग पार्टी आपसात बसून ठरवते का कोन ओलीस जाते, आन ते भांडण मजेचं राहते.

बेसिकवाला_काका:
वऱ्हाडी_रोगशी सहमत, आणि थोडं नियमांचं बोलतो कारण इथे नियम कामाचे आहेत.

फिफ्थ एडिशनच्या २०१४ च्या डीएम गाइडमध्ये गावकऱ्यांची वृत्ती तीन प्रकारची दिली आहे: मित्र, तटस्थ, शत्रू. तटस्थ माणसाकडून बिनजोखमीचं काम करून घ्यायला वीस-बाजूंच्या फाशावर बोनस धरून १० लागतात, थोडी जोखीम असेल तर २०. शत्रू वृत्तीचा असेल तर २० आणूनही तो फक्त बिनजोखमीचंच काम करतो. आता वेस उघडणं हे पेंढाऱ्यांच्या काळात केवढ्या जोखमीचं काम आहे बघा. म्हणजे बार्डने २५ आणले असते तरी नियमाप्रमाणे वेस उघडत नव्हती. फासे टाकत बसण्यात अर्थच नव्हता, आधी वृत्ती बदलायला हवी होती किंवा जोखीम कमी करायला हवी होती. हत्यारं बाहेर ठेवणं म्हणजे जोखीम कमी करणंच आहे.

चार्म पर्सनचं तर पुस्तकातच लिहिलं आहे की असर उतरला की समोरच्याला कळतं आपल्यावर कोणी जादू केली ते. संशयी गावात ती वापरणं म्हणजे तासाभराची उधारी. पण हे प्लेअरला टाकायच्या आधी एकदा आठवून द्यावं, कॅरेक्टरला तर माहीतच असणार ना स्वतःची जादू. झोन ऑफ ट्रुथ या खरं बोलायला लावणाऱ्या जादूचंही तेच, समोरच्याला जाणवतं आपण बांधलो गेलोय, खोटं बोलता येत नाही पण गप्प राहता येतं, आडवंतिडवं उत्तर देता येतं. पाटील लोक त्यात तरबेज.

आणि जुन्या खेळातली एक गोष्ट उचला. १९७४ पासूनच्या मूळ खेळात अनोळखी कोणी भेटलं की दोन सहा-बाजूंचे फासे टाकून त्याचा मूड काढत. १९८१ च्या बेसिक संचातला तक्ता मला तोंडपाठ आहे: २ आले तर थेट हल्ला, ३ ते ५ वैर, ६ ते ८ गोंधळलेला, ९ ते ११ बोलायला तयार, १२ म्हणजे गळ्यात पडतो. ६ ते ८ यायची शक्यता ३६ पैकी १६, म्हणजे निम्म्याच्या जवळपास लोक ना शत्रू ना मित्र, बघू पुढे काय ते. सगळं गाव एकसारखं संशयी असलं की ते गाव भिंतीसारखं लागतं. जागल्याला ४ आले, कोतवालाला ७, आणि पाणी भरणाऱ्या म्हातारीला १०, की लगेच गावात माणसं दिसायला लागतात.

पुश_टू_टॉक:
सगळे नियमच बोलून राहिले, ऑनलाइनचं कोणी बोलेना. टेबलावर कोणी कंटाळला तर दिसतं, फासे रचत बसतो, समोसा उचलतो. डिस्कॉर्डवर कंटाळलेला माणूस आणि ऐकणारा माणूस सारखाच दिसतो, एक गोल आयकॉन, हिरवा होत नाही एवढंच. तुमचा फायटरवाला अर्धं सेशन म्यूट होता, दुसऱ्या टॅबवर क्रिकेट पाहत असेल, आणि मग एकदम जोरात काहीतरी करावंसं वाटलं त्याला.

एकाच वेळी एकच माणूस बोलू शकतो हा व्हॉइस कॉलचा प्रॉब्लेम आहे, म्हणून लांब बोलणं तोडायचं. बार्ड वेशीवर बोलतोय, दोन-चार वाक्यं झाली की तिथेच थांबवा, "ठीक, कोतवाल विचारात पडला. फायटर, तू या वेळात काय पाहून राहिला?" त्याला गढीचा पडका बुरूज दिसू द्या, वरचे भालेवाले मोजू द्या. मग वापस बार्डकडे. कंटाळलेल्यासाठी टेक्स्ट चॅनेल वेगळा ठेवा, तिथे कॅरेक्टर कुजबुजतात आपसात, आमचे अर्धे जोक तिथलेच.

इनसाइटबद्दल पण, म्हणजे समोरचा खरं बोलतोय का ते ओळखायला टाकतात तो फासा. रोल-ट्वेंटीवर प्लेअरने उघड टाकला आणि ३ आला की सगळ्यांना दिसतं ३ आला, मग तुम्ही म्हणा "खरं बोलतोय वाटते", कोणीच मानत नाही, आणि पार्टी सगळ्या गावावर संशय घ्यायला लागते. फाउंड्रीत (रोल-ट्वेंटीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) ब्लाइंड रोल आहे, प्लेअर टाकतो, आकडा फक्त डीएमला दिसतो. नाहीतर पॅसिव्ह वापरा, १० अधिक त्याचा बोनस, टाकायचंच नाही. आणि निकाल सांगू नका, वागणं सांगा. "खोटं बोलतोय" नाही, "बोलताना सारखा विहिरीकडे पाहून राहिला".

बाकी तुमच्या आयडीवरून वाटतं, कूलरसमोर बसत असाल तर पुश टू टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) लावा प्लीज. मे महिन्यात आमच्या डीएमचं हर एक गाव समुद्रकिनाऱ्यावर असल्यासारखं ऐकू येत होतं.

सदरची_वॉरलॉक:
मला वेगळं बोलायचं आहे. १८१७ चं विदर्भातलं गाव आणि "संशयी गावकरी" म्हटलं की संशय कोणावर जातो हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मी एका ग्रुपमध्ये गोंड कॅरेक्टर खेळत होते, बाई. हर गावात माझ्याच कॅरेक्टरला वेशीबाहेर थांबवायचे, माझ्याच झोळीची झडती, माझीच जात विचारायची, आणि डीएमला वाटायचं किती वास्तववादी चाललंय आपलं. बाकीचे आत जाऊन सीन करायचे आणि मी हेडफोन लावून बाहेर झाडाखाली. सोडला तो ग्रुप.

म्हणून माझं म्हणणं, संशय पूर्ण पार्टीवर ठेवा आणि त्याचं कारण पार्टीने केलेलं काहीतरी असू द्या, कोणाचा जन्म नको. काही ठेवायचंच असेल तर सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत विचारा, हे खेळात अजिबात नको, हे असू दे पण पडद्याआड, अशी यादी करा. चॅटमध्ये नुसतं "एक्स" टाइप केलं की सीन तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही, ही पद्धत २०१३ पासून आहे आणि ऑनलाइन तर टेबलापेक्षा सोपी पडते.

आणि @नॅट_ट्वेंटी_धरमपेठ, "असं कॅरेक्टर बनव की जे चालेल" हे फक्त फायटरवाल्यालाच काहून? अर्धं सेशन एकट्याने बोलणारा बार्ड पण चार जणांसोबत चालत नाही. गोड बोलून माइक खाल्ला तरी तो खाल्लाच. त्याला पण सांगा.

नॅट_ट्वेंटी_धरमपेठ:
@सदरची_वॉरलॉक बरोबर. पण गंजी गंजी आहे बरं. बोअर झालो म्हणून पेटवायचं हे मला नाही पटत. असं काही कोणी म्हटलं की मी तिथल्या तिथे थांबवून विचारतो, "हे केलं तर गुरांचा वर्षाचा चारा जातो, गाव तुम्हाला मारायला उठेल, बाकीच्यांना चालतंय का?" कॅरेक्टरला नाही, प्लेअरला विचारायचं. अर्धे वेळा तो स्वतःच म्हणतो राहू दे.

कूलरखाली_डीएम:
फोन झाले दोघांना. फायटरवाला म्हणे मला बोलता येत नाही बार्डसारखं, मी तोंड उघडलं की तुम्ही लोक हसता, म्हणून मी गप्प असतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. बार्डवाल्याला सांगितलं की जरा माइक सोड, तो थोडा फुगला, पण येतो म्हणाला. थैलीचोरी रद्द.

गावाचं असं ठरवलं. पाटील पंचायत बसवतो चावडीवर, शिक्षा नाही, भरपाई. पेंढाऱ्यांची टोळी एक मुक्काम दूर आहे असा सांगावा येतो आणि गावात लढणारं कोणी नाही. गढीची भिंत एका बाजूने खचलेली आहे. फायटरवाला खऱ्या आयुष्यात सिव्हिलवाला आहे, तर भिंत कशी उभारायची, कोण कुठे उभं राहील, ते पाटील त्याला विचारेल, बार्डला नाही. बार्डवर पाटलाच्या पोराचा राग कायम राहू देतो, जादूची किंमत म्हणून.

संशयाचं घड्याळ पण लावतो, सहा घरांचं, सगळ्यांना दिसेल असं नकाशाच्या कोपऱ्यात. आता चार भरलेली. भिंत बांधली की एक पुसायचं, खोटं पकडलं गेलं की एक भरायचं. सहा भरली की गाव त्यांना हाकलून देते. चालेल का?

बेसिकवाला_काका:
चालेल. फक्त पुसण्याचे रस्ते भरण्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर प्लेअर्स हातपाय हलवणं सोडतात. आणि गढीचं तुमचं बरोबर आहे, नागपूरकडच्या गावागावातल्या मातीच्या गढ्या बऱ्याचशा पेंढाऱ्यांच्या भीतीनेच बांधलेल्या.

वऱ्हाडी_रोग:
भरपाईत पैसे नको मांगू, कडबा मांग. पैसे काय बैल खाईन? कडबा आनाले पार्टीले बाजूच्या गावात जा लागते, तथी वेशीवर अजून एक जागल्या, आन आता यायच्याकडे पाटलाची चिठ्ठी आहे. तथी पाय बरं किती फरक पडते.

आन भाऊ, एवढ्या पोस्टा झाल्या, त्या पहिल्या जागल्याले नाव दे ना. ज्याले नाव नाही त्याच्या गावची गंजी पेटवाले कोनालेच काही वाटत नाही.

कूलरखाली_डीएम:
गणपत. एका डोळ्याने कमी दिसतं त्याला, म्हणून सगळ्यांना दोनदोनदा विचारतो.