मदत हवी आहे: ‘बॅक टू ब्लॅक’सारखा ड्रमचा आवाज दोन माईकवर कसा मिळवायचा?

गायिका एमी वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ हा अल्बम २००६ साली आला तेव्हा ती २३ वर्षांची होती, पण अल्बमचा बाज साठच्या दशकातल्या सोल संगीताचा. त्यातल्या निर्माता मार्क रॉन्सनच्या गाण्यांत ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या बँडची साथ आहे. या गाण्यांतले ड्रम मला फार आवडतात: कोरडे, जवळचे, तरीही भरीव. आमच्या गायिकेच्या एका मराठी गाण्यासाठी मला त्याच जातीचा आवाज हवा आहे. हुबेहूब नक्कल नको.

खोली साधारण दहा बाय बारा, भिंतींना जाड पडदे. माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या इंटरफेसला दोनच इनपुट. एक कंडेन्सर आणि एक डायनॅमिक माईक आहे. शेजाऱ्यांमुळे फक्त दुपारी वाजवता येतं. नवीन माईक घेणं सध्या शक्य नाही, आणि तयार लूप वापरायचे नाहीत, कारण ड्रमर आमचाच आहे आणि त्याचा हात छान आहे.

कंडेन्सर ड्रमरच्या डोक्यावर आणि डायनॅमिक बेस ड्रमसमोर लावून पाहिला. स्नेअरवर टॉवेल टाकला. नंतर सॉफ्टवेअरमध्ये जुन्या टेपसारखा आवाज देणारं प्लगइन लावून वरच्या पट्टीतला तीक्ष्ण आवाज कापला. आवाज दबतो, पण भरत नाही, आणि सिंबल सगळ्यांवर चढतात. ड्रमरला हळू वाजवायला सांगितलं की सिंबल आवरतात, पण तालातला जोरच जातो.

ज्यांनी कमी माईकवर असं रेकॉर्डिंग केलंय त्यांना विचारतो: कंडेन्सर खाली, स्नेअर आणि बेस ड्रमच्या मधोमध आणावा का? आणला तर किती अंतरावर? की आधी स्नेअरचं ट्युनिंगच खाली उतरवायला हवं?