चवथीपूर्वी गुडघ्यात सुई: दिलासा की पळवाट?

(‘चिरेबंदी’, ‘अस्थिपंजर’ आणि ‘मांडवीकाठ’ या टोपणनावांनी चाललेली चर्चा.)

चिरेबंदी: चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या साठीपुढच्या बायका ‘गुडघ्यात एक सुई मारा’ म्हणतात. नुसत्या भुलीचं औषध द्यायचं असेल तर माझा विरोध आहे. लिग्नोकेन तास-दोन तास टिकतं, ब्युपिव्हकेन चार ते आठ तास. नेवऱ्यांची (करंज्यांची) पहिली परात तळून होईपर्यंत दुखणं परत. शिवाय दुखत नाही म्हणून मांडी घालून नारळ खवत बसलं, की झिजलेल्या सांध्यावर आणखी भार.

अस्थिपंजर: नुसती भूल देतं कोण? ४० मिग्रॅ. ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडमध्ये १ टक्क्याचं ४-५ मिली लिग्नोकेन मिसळतात. भूल तपासणीचंही काम करते: दहा-पंधरा मिनिटांत दुखणं उतरलं नाही तर सुई चरबीत गेली किंवा दुखण्याचं मूळ कमरेत, खुब्यात आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कडेखालून २२ नंबरची सुई. आधी सांध्यातलं पाणी ओढून पाहायचं. गढूळ आलं तर औषध सोडायचंच नाही, नमुना प्रयोगशाळेत. सिरिंजचा दट्ट्या जड लागला तर टोक सांध्यात नाही. लिग्नोकेन पॅराबेन (औषध टिकवणारं रसायन) नसलेलंच घ्या, नाहीतर स्टिरॉइडच्या कणांच्या गुठळ्या होऊ शकतात.

चिरेबंदी: तंत्र पटलं, औषध नाही. २०१७ च्या अमेरिकी चाचणीत १४० जणांना दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी हेच ट्रायमसिनोलोन किंवा सलाईन दिलं. दुखण्यात फरक नाही, कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) मात्र स्टिरॉइडवाल्यांची जास्त झिजली. त्यात २०२३ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. सुईनंतर दोन ते पाच दिवस साखर चढते. घरोघरी मोदक-नेवऱ्या असतात तेव्हाच!

मांडवीकाठ: दोघंही सांध्यातच अडकलात. ब्युपिव्हकेन कूर्चेच्या पेशींना मारक आहे, मग आत टाकायचंच कशाला? सांध्याबाहेर जेनिक्युलर नसा (गुडघ्याचं दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या) बधीर करा: वर दोन, खाली आतल्या बाजूला एक, प्रत्येकी १ मिली. खाली बाहेरच्या बाजूला जायचं नाही; तिथल्या नसेला भूल लागली तर पाऊल लुळं पडतं. एकेका नसेवर ४-५ मिली ओतलं तर औषध पसरतं आणि निकाल फसवा येतो. त्याच दिवशी जिना चढायला लावा. दुखणं निम्म्याने उतरलं तरच रेडिओफ्रीक्वेन्सीचा (उष्णतेने त्या नसा निकामी करण्याचा) विचार. त्याचा आराम महिनोन् महिने टिकू शकतो.

अस्थिपंजर: मान्य, पण त्याला सोनोग्राफी किंवा सी-आर्म (चालतं एक्स-रे चित्र दाखवणारं यंत्र) लागतं आणि सरावलेला हात. दर तालुक्यात कुठे मिळणार? वर्षातून एखादी सुई आणि रोज मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, यात मला गैर वाटत नाही. सांधा बदलायचा ठरला असेल तर मात्र आधीचे तीन महिने सुई नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

चिरेबंदी: द्यायचीच तर हरतालिकेच्या दिवशी नको. स्टिरॉइडचा गुण यायला दोन-तीन दिवस, कधी आठवडा जातो. दहा दिवस आधी घ्या, पुढचे दोन दिवस जिने टाळा. पहिल्या दिवशी ठणका वाढला तर बर्फ पुरतो. पण ताप आला, गुडघा लाल-गरम होऊन टेकवेना, तर ‘दीड दिवसाचा गणपती पोचवून बघू’ चालायचं नाही. त्याच दिवशी बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा.